आज्ञा न घेता

२०२१ च्या दिवाळीआधीची गोष्ट. मी भांड्यांच्या दुकानात पाच लिटरचा कुकर हातात घेऊन उभी होते. जुन्याचा कान तुटला होता, नवा घ्यायचा हे घरात ठरलं होतं, पैसे पर्समध्ये होते. दुकानदार म्हणाला, "बांधू का, वहिनी?" आणि माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला. कुकर घेऊ का, हे विचारायला. नंबर काढला, त्यावर बोट ठेवलं आणि मग लक्षात आलं, आता विचारायचं कुणाला? आपण बाहेर पडलोय. तीन महिने झाले. भर दुकानात मला रडायला आलं. दुकानदाराला वाटलं, किंमत परवडत नाहीये बाईला. त्याने पन्नास रुपये कमी केले.

संस्थेचं नाव लिहिणार नाही. घरात आम्ही तिला नुसतं 'सत्संग' म्हणायचो. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतीपंपाच्या मोटारी जास्त येतात. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. घरात सासूबाई, मुलगी, मुलगा. बारा वर्षं आम्ही सगळे सत्संगात होतो आणि आम्हाला कुणी फसवून, ओढून नेलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

२००९ मध्ये माझं सातव्या महिन्यात बाळ गेलं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. नातेवाईक येऊन "देवाची मर्जी" म्हणून गेले. सत्संगातली एक बाई मात्र रोज सकाळी डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन यायची, माझ्याशेजारी बसायची, काही बोलायची नाही. अकरा दिवस आली. तो भात खोटा नव्हता. पुढे जे काही झालं त्याचा राग आला तरी तो भात मला खोटा ठरवता येत नाही, आणि माझी निम्मी अडचण तीच होती.

मग दर गुरुवार सुरू झाला. मग दशांश, म्हणजे कमाईतला दहावा भाग. मग कांदा-लसूण बंद, टीव्ही बंद, सत्संगाबाहेरच्यांच्या घरचं खाणं बंद. त्यांना 'निगुरे' म्हणायचं. आणि आज्ञा, म्हणजे काही करण्याआधी गुरुजींची परवानगी. सुरुवातीला आज्ञा मोठ्या गोष्टींची असायची: घर, लग्न, कर्ज. पाच-सहा वर्षांत फ्रिज, मुलीची सहल, मी तासगावला माहेरी किती दिवस राहायचं, सासूबाईंना कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, इथवर आली. आम्हाला जाचही वाटायचा नाही. उलट हलकं वाटायचं. चुकलं तर आपली चूक नाही. २०१२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नावही गुरुजींनी ठेवलं.

आता पुराबद्दल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी म्हणजे पावसाळ्यात गावभागाचा रक्तदाब. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात आकडा चढायला लागला तशी विश्रामबागेतली नणंद फोनवर फोन करायला लागली, "वहिनी, निघा की आता, कशाची वाट बघताय?" आम्ही आज्ञेची वाट बघत होतो. आमच्या भागाच्या प्रमुख मावशींनी वर विचारून सांगितलं, "घर सोडू नका. गुरुजींनी तुमच्या गल्लीला रिंगण घातलंय. उंबऱ्याला पाणी शिवणार नाही."

त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या उंबऱ्यावरून गेलं, ओट्यावरून गेलं, देव्हाऱ्यावरून गेलं. आम्ही माडीवर दोन रात्री काढल्या, पाण्याचा एक कॅन आणि पारले बिस्किटांवर. मुलाला ताप. सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या खालच्या कपाटात, पाण्याखाली. तिसऱ्या दिवशी बोट आली. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती. ती बातमी आमच्यापर्यंत पोचली होती, त्यामुळे सासूबाई बोटीत पाय ठेवेनात. शेवटी एका जवानाने त्यांना गाठोड्यासारखं उचललं. त्या त्याच्या गळ्यात हात टाकून गुरुजींचं नाव घेत होत्या आणि तो पोरगा म्हणत होता, "हां माताजी, हां माताजी."

पाणी उतरल्यावर चिखल काढत होतो तेव्हा मावशी आल्या. मी हातात खराटा घेऊन उभी. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. चुकलं, असं नाही, निदान वाईट वाटलं असं. त्या म्हणाल्या, "रिंगण तुटलं ते घरातल्याच कुणाच्यातरी मनात किंतु आला म्हणून." आणि गेल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मुलीकडे पाहिलं. बारा वर्षांची पोर गुडघाभर चिखलात उभी होती आणि आम्ही तिघं मोठी माणसं तिच्याकडे संशयाने बघत होतो. त्या क्षणाची लाज मला पुराहून जास्त आहे.

तरी आम्ही सोडलं नाही. आणखी दोन वर्षं राहिलो. "एवढं झाल्यावर पण?" असं लोक विचारतात. हो. दुकानात पाणी शिरून ह्यांचं भांडवल गेलं होतं आणि गिऱ्हाइकांतली निम्मी गुरुबंधूंच्या ओळखीची होती. आणि खरं सांगायचं तर, ज्या गोष्टीसाठी इतकं सोसलं ती चुकीची म्हणणं फार महाग पडतं.

मदत झाली ती लॉकडाऊनची, कुणाला विचित्र वाटेल. मार्च २०२० मध्ये सुरुवातीलाच इस्लामपूरला रुग्ण सापडले आणि जिल्हा बंद झाला. गुरुवार मोबाइलवर आला. मोबाइलवर माणूस मान डोलावतो आणि हाताने भाजी निवडतो. समोर बसून ऐकताना अंगावर यायचं ते सगळं स्वयंपाकघरात ऐकताना बारीक वाटायला लागलं. वर्षभरात आमच्या अंगातून सवय निघून गेली, पण ते आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

मग २०२१ चा जुलै. पुन्हा पाऊस, पुन्हा आकडे, आणि चोवीस तारखेला गुरुपौर्णिमा. पुलाजवळ पाण्याने इशारा पातळी ओलांडल्याचं कळलं तेव्हा हे दुकानातून आले, शटरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "आईच्या गोळ्या घे. निघू." मी म्हटलं, "फोन?" ते म्हणाले, "चार्जर घेतलाय." मला काय विचारायचं होतं ते त्यांना कळलं होतं, त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळलं. बस. आमचं बाहेर पडणं ते एवढंच. गुरुपौर्णिमा आम्ही विश्रामबागेत नणंदेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून काढली. तिने पोह्यांत कांदा घातला होता. मुलीने खाल्ले. मुलाने एकेक कांदा वेचून ताटाच्या कडेला ठेवला.

इथून पुढचं अवघड होतं.

१६ ऑगस्टला, श्रावणातल्या सोमवारी, मावशी आणि दोन गुरुभगिनी घरी आल्या. मी तांब्या-भांडं पुढे केलं. तिघींपैकी कुणी पाणी घेतलं नाही. आपल्याकडे दारातला विक्रेताही पाणी नाकारत नाही. ज्या बाईने मला अकरा दिवस मऊ भात खाऊ घातला होता ती त्यांच्यातलीच एक होती आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मावशी आवाज न चढवता म्हणाल्या, "शिव कोपला तर गुरू वाचवतो. गुरू कोपला तर कुणी नाही. वर्षाच्या आत कळेल तुम्हाला."

गुरुगीतेतली ओळ आहे ती. मला संस्कृतातही पाठ होती. पण पाठ असणं वेगळं, आपल्या ओट्यावर उभं राहून कुणी आपल्याला उद्देशून म्हणणं वेगळं.

वर्षाच्या आत. मी वर्ष मोजायला बसले. दूध नासलं, कळेल. मुलाला खोकला, कळेल. गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजले की छातीत धडधड सुरू व्हायची, तळहात ओले व्हायचे. डोक्याने मी बाहेर पडले होते, शरीर तिथेच मांडी घालून बसलेलं होतं. सप्टेंबरात हे स्कूटरवरून पडले, डाव्या मनगटाला फ्रॅक्चर. दवाखान्यात मी इतकी ओरडून रडले की नर्सला वाटलं डोक्याला मार लागलाय. प्लास्टर घालून घेत हे म्हणाले, "अगं, मागच्याच आठवड्यात त्याच खड्ड्यात आपला तो किराणावाला गुरुबंधू पडला. त्याच्यावर कोण कोपलं मग?" मी हसले नाही. हसायला मला दोन महिने लागले.

मग मिरजेच्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. सांगलीत नको, कुणी पाहील. मिरजेला दवाखान्यात जाणाऱ्या बाईकडे कोण बघतंय, अख्खं मिरजच दवाखाना आहे. डॉक्टरांनी झोपेसाठी हलकी गोळी दिली आणि म्हणाले, "भीती वाटेल तेव्हा लिहून काढा. तारीख, काय होईल असं वाटतं, आणि आठ दिवसांनी खरंच काय झालं." माझ्याकडे सत्संगाची जपाची वही होती, रोजच्या माळांचे आकडे लिहायची. ती उलटी करून मागच्या पानापासून लिहायला लागले. अडत दुकानातली सवय, तीन रकाने आखले. एका बाजूने जप, दुसऱ्या बाजूने भीती. वर्षअखेरीला एकूण एकेचाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या तीन खऱ्या झाल्या: मुलाचा चष्मा, दुकानात एक मोटार जळाली, आणि माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे गेलं. नंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारचा टेलिमानस सुरू झाला, १४४१६. फुकट, मराठीत, दिवसरात्र. मला त्या रात्री तो असता तर मिरजेचा रिक्षाखर्च तरी वाचला असता. डॉक्टर मात्र लागलेच असते.

मुलांचं वेगळं होतं. आपण पोरांना सोबत घेऊन बाहेर पडलो असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात मुलगी कधीच निघून गेलेली होती. एका रात्री गच्चीवर वाळवण काढताना मी तिला म्हटलं, "तुझी फार वर्षं वाया घालवली गं." ती म्हणाली, "मला चौथीपासून माहीत होतं." "मग बोलली का नाहीस?" "तू रडली असतीस." पापडांचा पाट उचलून ती खाली गेली. मी बराच वेळ तिथेच.

मुलगा नऊ वर्षांचा. त्याचे मित्र तिथे, तबल्याचे सर तिथे, प्रसादाचा शिरा तिथे. पहिल्या गुरुवारी तो कपडे घालून, भांग पाडून दारात बसला होता. त्याला नेलं नाही म्हणून तीन दिवस बोलला नाही. आणि एकदा झोपताना अंधारात विचारलं, "आई, आपण निगुरे झालो का?" मी म्हटलं, "आपण पूर्वी होतो तसे झालो." तो म्हणाला, "पूर्वी मी नव्हतो." मग थोड्या वेळाने, "माझं नाव पण परत द्यायचं का?"

मला उत्तर सुचलं नाही. हे दुसऱ्या कडेला झोपले होते, मला वाटलं झोपलेत. ते म्हणाले, "नाव तुझं आहे. शाळेच्या दाखल्यावर आहे, बँकेच्या पासबुकावर आहे. कुणी मागायला आला तर माझ्याकडे पाठव." पोरगा त्यावर झोपला. मी नाही. पण त्या महिन्यात दुसऱ्या सरांकडे तबला लावला आणि गुरुवारची संध्याकाळ मोकळी सोडायची नाही हे ठरवलं. गुरुवारी आम्ही हरिपूरला संगमावर जायचो. भडंग, वर कच्चा कांदा. मुलाने कांदा खायला पाच गुरुवार घेतले.

सासूबाई मात्र बाहेर पडल्या नाहीत. "तुमचं तुम्ही बघा, मी माझ्या गुरूला सोडत नाही." यावर घरात फार भांडणं झाली, ती लिहीत नाही. शेवटी हेच त्यांना गुरुवारी स्कूटरवर सोडायला जायला लागले. लोक हसायचे, बाहेर पडलो म्हणता आणि आईला नेऊन सोडता! हे बाहेर रस्त्यावर दीड तास थांबायचे, कुणी बोलत नसे. माझी अट एकच होती: साखरेच्या गोळ्यांची आज्ञा घ्यायची नाही. हॉलमधला गुरुजींचा मोठा फोटो आम्ही काढला, तो त्यांच्या खोलीत, उशाशी आहे. रोज सकाळी त्या त्याला फूल वाहतात. कधी फूल संपलं असेल तर मीच आणून देते. माझा काही तत्त्वाचा प्रश्न नाही, परसात जास्वंद आहे.

धाकटे दीर अजून सत्संगातच आहेत. पुतणीच्या लग्नाचं आमंत्रण आम्हाला आलं नाही. सासूबाई एकट्या जाऊन आल्या. दुकानाचं काम तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं. 'त्यांच्याकडे मोटारी देऊ नका' असं सत्संगात सांगितल्याचं एका जुन्या गिऱ्हाइकाने हळूच येऊन सांगितलं. नणंदेच्या ओळखीने अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे एक कार्यकर्ते घरी आले. मी घाबरलेच होते. ही माणसं देवच काढून टाका म्हणतात, असं मला बारा वर्षं सांगितलेलं. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न, "ताई, झोप लागते का?" मग त्यांनी सांगितलं की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे सगळं ऐकून हे म्हणाले, "म्हणजे भावावर केस?" आम्ही केली नाही. पण कायद्याचा तो कागद ह्यांनी झेरॉक्स करून गल्ल्यात ठेवला. गल्ला उघडला की दिसतो. चूक करणारे आपण नाही, हे कुठेतरी छापील आहे, एवढ्यानेही माणूस सरळ उभा राहतो.

राग सगळ्यांत शेवटी आला. आमच्या यार्डातले म्हातारे अडते हरिपूरच्या पेवांच्या गोष्टी सांगतात. जमिनीखाली हळद साठवायची ती पेवं. २००५ च्या पुरात पुष्कळशी खराब झाली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, नाहीतर माणूस आतच राहतो. माझ्या रागाचं पेव फुटलं ते २०२२ च्या उन्हाळ्यात, आणि मी लगेच आत उतरले. दशांशाचा हिशेब काढला, बारा वर्षांचा, माझ्याच हातच्या वह्यांतून. आकडा लिहीत नाही. त्यात मुलीचं इंजिनिअरिंग झालं असतं. पंधरा दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. ह्यांना म्हटलं, "तुम्ही मला अडवलं का नाही?" ते म्हणाले, "तू मला अडवलं का नाहीस?" मग आम्ही दोघं गप्प बसलो आणि मी चहा टाकला.

१६ ऑगस्ट २०२२. मंगळवार. मावशींचं वर्ष त्या दिवशी संपणार होतं. कुणाला बोलले नाही. रात्री बारापर्यंत स्वयंपाकघरात जागी बसले, वही समोर. बारा वाजून गेले. फ्रिज घुरघुरत होता. सासूबाई लघवीला उठल्या, दिवा दिसला म्हणून डोकावल्या. वहीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. त्यांना तारीख माहीत होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणाल्या, "झोप आता. काही होत नाही." आणि भिंत धरत धरत गेल्या.

एक गोष्ट मात्र त्या वहीत बसली नाही. समोरच्या घरातल्या वहिनींना सत्संगात मी नेलं होतं. २०१४ मध्ये, त्यांच्या मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा, डब्यात मऊ भात घेऊन. सत्संगाच्या बांधकामासाठी त्यांनी पाटल्या दिल्या त्याही माझ्या सांगण्यावरून. आम्ही बाहेर पडल्यावर मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "वहिनी, मी तुम्हाला चुकीच्या जागी नेलं. माझं चुकलं." त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. त्यानंतर तीन वर्षं समोरासमोर राहून बोलणं नाही. माझी सावली पडली तर रांगोळी पुन्हा काढतील, अशा वागायच्या. त्यांना तसं सांगितलेलं होतं. मीही इतरांच्या बाबतीत तसंच वागलेली आहे, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला त्यांची मुलगी वाटी घेऊन दारात आली. "काकू, आईने थोडं विरजण मागितलंय. आमचं संपलं." निगुऱ्या घरचं विरजण. मी विचारलं नाही की आईला माहीत आहे का तू कुठल्या घरी आलीस. दोन चमचे दही घातलं, मग आणखी एक. पोरीने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि रस्ता ओलांडून गेली. समोरच्या स्वयंपाकघरातला दिवा बराच वेळ चालू होता.

वाटी अजून परत आलेली नाही. रिकामी कशी द्यायची, म्हणून राहिली असेल. मला घाई नाही.